बोअरच्या पाण्यात लोह किती? नारिंगी रंगावरून मोजायची रीत

बोअर चालू केली की पाणी नितळ येतं. बादलीत राहिलं की हळूहळू पिवळट दिसायला लागतं आणि सकाळपर्यंत तळाला तांबूस गाळ बसतो. पांढऱ्या शर्टावर डाग, बाथरूमच्या टाइल्सवर तपकिरी ओघळ, चहा काळपट. पाण्यात लोह आहे हे कळायला एवढं पुरे. अडतं ते 'किती' इथे. तो आकडा हातात नसेल तर दारात येणारा प्रत्येक फिल्टरवाला आपलंच यंत्र तुम्हाला कसं हवं हे पटवून जातो.

हा आकडा काढायला लाखो रुपयांचं ॲटॉमिक ॲबसॉर्प्शन यंत्र लागतंच असं नाही. बीएस्सीच्या प्रयोगशाळेतला साधा कलरिमीटर चालतो. पाण्यातल्या लोहाला रंग आणणारं एक रसायन घालायचं, रंग किती गडद झाला ते मोजायचं आणि त्यावरून लोह काढायचं. पुढे दिलेली रीत विद्यार्थी, शिक्षक आणि प्रयोगशाळेत बसायची सोय असलेल्या कोणालाही जमेल. स्वयंपाकघरात ती करू नका. घरच्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. रंग आणणं हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. खरी मेहनत जाते ती बाहेरचं लोह बाटलीत शिरू न देण्यात. हिशेब करून पाहा: आपण ५० मिलि पाणी तपासायला घेतो. त्यातलं लोह लिटरला ०.३ मिलिग्रॅमने चुकायला फक्त १५ मायक्रोग्रॅम लोह बाहेरून यावं लागतं. म्हणजे एका मिलिग्रॅमच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढा गंज. तो डोळ्यांना दिसतही नाही.

रंग येतो कसा

रसायनाचं नाव १,१०-फेनॅन्थ्रोलिन. प्रयोगशाळेत त्याला नुसतं 'फेन' म्हणतात. त्याच्या रेणूत दोन नायट्रोजन अणू असे बसलेले असतात की दोघे मिळून धातूचा एक आयन पकडू शकतात. असे तीन रेणू एका फेरस, म्हणजे दोन धनभार असलेल्या लोहाच्या, आयनाभोवती सहा बाजूंनी बसतात आणि नारिंगी-लाल संयुग तयार होतं. फ्रिट्झ ब्लाउ या रसायनज्ञाने १८९८ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि अजूनही पाण्यातलं लोह मोजायच्या प्रमाण पद्धतींत ते आहे. एवढं टिकण्याचं कारण साधं आहे: रंग पक्का आहे. लोहाला रंग आणणारं दुसरं रसायन म्हणजे थायोसायनेट, त्याचा लाल रंग बघता बघता फिका पडायला लागतो. हा महिनोन्‌महिने तसाच राहतो. दहा मिनिटांऐवजी तासाने रीडिंग घेतलं तरी बिघडत नाही.

हे संयुग ५१० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर हिरवा प्रकाश शोषतं. लोह जितकं जास्त, तितका प्रकाश जास्त शोषला जातो, तोही सरळ प्रमाणात. १ सेंमी रुंदीच्या क्युव्हेटमध्ये (यंत्रात ठेवायची चौकोनी पारदर्शक नळी) लिटरला १ मिलिग्रॅम लोह असेल तर ॲबसॉर्बन्स, म्हणजे प्रकाश किती शोषला गेला त्याचा आकडा, साधारण ०.२ येतो. हा आकडा पाठ असू द्या, पुढे घोळ झालाय का हे लगेच कळतं.

फेनला फेरस लोह लागतं. हवा लागलेल्या पाण्यातलं लोह बहुतेक फेरिक (तीन धनभारांचं) होऊन गेलेलं असतं, म्हणून आधी हायड्रॉक्झिलअमीन हायड्रोक्लोराइड घालून ते फेरस करून घ्यायचं. आणि पीएच, म्हणजे द्रावण किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचा आकडा, सांभाळायचा. द्रावण फार आम्ल राहिलं तर फेन लोहाला धरतच नाही, रंग फिका आणि उशिरा येतो. फार अल्कली झालं तर लोहाचाच साका बसतो. ३ ते ३.५ च्या दरम्यान रंग झटकन येतो.

द्रावणं

सगळं डिस्टिल्ड वॉटरमध्ये करायचं. बॅटरीचं म्हणून दुकानात मिळणारं पाणी आणणार असाल तर आधी त्याचंच ब्लँक घेऊन बघा, म्हणजे नमुना किंवा लोह न घालता बाकी सगळं तसंच करून.

फेनॅन्थ्रोलिन: १०० मिलिग्रॅम, १०० मिलि पाण्यात. नुसत्या पाण्यात ते लवकर विरघळत नाही. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की काम होतं. द्रावण गडद दिसायला लागलं तर टाकून द्या.

हायड्रॉक्झिलअमीन हायड्रोक्लोराइड: १० ग्रॅम, १०० मिलि पाण्यात. विषारी आहे आणि कातडीला लागलं तर त्रास देतं. हातमोजे घालूनच वजन करा.

बफर (पीएच ठरलेल्या जागी धरून ठेवणारं द्रावण): २५० ग्रॅम अमोनियम ॲसिटेट १५० मिलि पाण्यात विरघळवून त्यात ७०० मिलि ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. एवढं लागणार नसेल तर सगळ्याचा चौथा हिस्सा करा. वास नाकातोंडात जातो, त्यामुळे फ्यूम हूडमध्येच. हीच बाटली सर्वांत जास्त दगा देते. चांगल्या प्रतीच्या अमोनियम ॲसिटेटमध्येही लोहाचा अंश असतो आणि प्रत्येक फ्लास्कमध्ये आपण बफर १० मिलि ओततो. म्हणून नवीन बफर केला की स्टँडर्डही, म्हणजे तुलनेसाठी माहीत असलेल्या लोहाची द्रावणं, नव्याने लावायची. त्यांच्या रीडिंगवरून काढलेला जुना आलेख नव्या बफरला चालत नाही.

लोहाचं मूळ स्टँडर्ड: ५० मिलि पाण्यात २० मिलि तीव्र सल्फ्युरिक आम्ल सावकाश सोडा. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. गार झालं की त्यात ०.७०२ ग्रॅम फेरस अमोनियम सल्फेट, म्हणजे मोर्स सॉल्ट, विरघळवा आणि एक लिटर करा. हे झालं लिटरला १०० मिलिग्रॅम लोह. मोर्स सॉल्टचे स्फटिक फिकट हिरवे हवेत. बाटलीतलं मीठ पिवळट-तपकिरी पडलं असेल तर त्यातलं पाणी उडालंय किंवा फेरसचं फेरिक झालंय. वजनावर मग भरवसा नाही. या मूळ द्रावणातलं १० मिलि घेऊन १०० मिलि केलं की लिटरला १० मिलिग्रॅमचं कामाचं स्टँडर्ड मिळतं. हे त्या दिवसापुरतंच. दुसऱ्या दिवशी नवीन.

काचसामान

धुवायचा साबण, मग नळाचं पाणी, मग डिस्टिल्ड वॉटर, एवढ्यावर भागत नाही. निम्मं पाणी आणि निम्मं हायड्रोक्लोरिक आम्ल असं मिश्रण करून फ्लास्क, पिपेट, काचेचे मणी सगळं त्यातून काढा आणि डिस्टिल्ड वॉटरने चार-पाच वेळा विसळा. काचेला लोहाचा न दिसणारा पापुद्रा धरलेला असतो, तो आम्लानेच जातो. धुतलेलं सामान गंजलेल्या स्टँडवर पालथं घालून ठेवू नका. स्टीलचा चमचा आम्लाच्या द्रावणात बुडवू नका.

कोकणात आणि गोव्यात आणखी एक भानगड आहे, जांभ्याची धूळ. जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला दगड. एप्रिल-मे महिन्यात खिडकी उघडी असेल तर टेबलावर लाल थर बसतो, आणि तो फ्लास्कमध्येही बसतो. फ्लास्कना बूच लावून ठेवा. ब्लँक एकाएकी चढलं तर आधी खिडकीकडे बघा.

जांभा लाल म्हणजे तिथल्या विहिरीत लोह भरपूर, असा मात्र समज करून घेऊ नका. उघड्या विहिरीच्या पाण्यात हवा मिसळलेली असते. अशा पाण्यात लोह फेरिक राहतं, आणि फेरिक लोह विरघळत नाही, दगडातच बसून राहतं. खोल बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन नसला की तेच लोह फेरस होऊन पाण्यात उतरतं. म्हणून एकाच वाडीत विहिरीचं पाणी स्वच्छ आणि शेजारच्या बोअरचं तांबूस, असं होऊ शकतं.

नमुना

इथे घाई केली तर पुढची सगळी मेहनत वाया. बोअर आधी पाच-दहा मिनिटं चालू द्या, पाइपात साचलेलं पाणी निघून जाऊ द्या. शंका असेल तर दोन नमुने घ्या: एक बटण दाबल्याबरोबर, एक दहा मिनिटांनी. पहिल्यात लोह भरपूर आणि दुसऱ्यात नगण्य निघालं तर दोष जमिनीचा नाही, पाइपाचा किंवा केसिंगचा आहे. फिल्टर घ्यायच्या आधी हे कळलेलं बरं.

बाटली प्लॅस्टिकची, आम्लाने धुतलेली. झाकण पण प्लॅस्टिकचं. पाणी भरल्याबरोबर, तिथेच, लिटरला १.५ मिलि या हिशेबाने तीव्र नायट्रिक आम्ल घाला. अर्ध्या लिटरच्या बाटलीला पाऊण मिलि. पीएच २ च्या खाली गेला पाहिजे, पीएच कागदाने बघून घ्या. आम्ल न घालता बाटली घरी आणली तर लोह वाटेतच गाळ होऊन भिंतीला चिकटतं, आणि तुम्ही वरचं निवळ पाणी तपासून 'लोह नाही' असा रिपोर्ट देता. ही चूक फार होते.

जाता जाता एक. टाकीतल्या पाण्यावर तेलासारखा तवंग दिसत असेल तर काडीने ढवळून पाहा. तवंगाचे तुकडे तुकडे होऊन तसेच राहिले तर ते तेल नाही. लोहावर जगणाऱ्या जीवाणूंची ती करामत असते. तेल असेल तर तुकडे पुन्हा एकत्र येतात.

प्रत्यक्ष काम

शंकूच्या आकाराचे सहा-सात फ्लास्क घ्या आणि प्रत्येकावर नाव घाला. कामाच्या स्टँडर्डमधून ०, १, २.५, ५ आणि १० मिलि अनुक्रमे पाच फ्लास्कमध्ये पिपेटने घ्या आणि प्रत्येकात डिस्टिल्ड वॉटर घालून ५० मिलिच्या आसपास आणा. शेवटी सगळं ५० मिलिच्या खुणेपर्यंत जाणार आहे, त्यामुळे ही स्टँडर्ड लिटरला ०, ०.२, ०.५, १ आणि २ मिलिग्रॅमची झाली. शून्याचा फ्लास्क हेच ब्लँक. सहाव्यात नमुन्याचं ५० मिलि पाणी, बाटली जोरात हलवून लगेच मोजलेलं. सातव्यात तोच नमुना पुन्हा घ्या. वेळ असेल तर हे टाळू नका.

१. प्रत्येकात २ मिलि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, १ मिलि हायड्रॉक्झिलअमीनचं द्रावण आणि दोन-तीन काचेचे मणी टाका.

२. फ्यूम हूडमध्ये उकळा, १५ ते २० मिलि उरेपर्यंत. या उकळण्याने गाळातलं लोह विरघळतं, फेरिकचं फेरस होतं, आणि सायनाइड, नायट्राइट, पॉलिफॉस्फेट असे अडथळेही मार्गी लागतात. तळाला अजून तांबडे कण दिसत असतील तर आणखी २ मिलि आम्ल घालून थोडं उकळा, आणि तेवढंच आम्ल ब्लँकमध्येही घाला. कोरडं पडू देऊ नका.

३. पूर्ण गार होऊ द्या. मग ५० मिलिच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओता, शंकूफ्लास्क थोड्या पाण्याने दोनदा विसळून तेही त्यातच. पाणी बेताने वापरा, अजून १४ मिलि द्रावणं यायची आहेत.

४. बफर १० मिलि, मग फेन ४ मिलि. आधी बफर, मग फेन, हाच क्रम सगळ्या फ्लास्कना ठेवा.

५. खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर भरा, बूच लावून दहा-बारा वेळा उलटसुलट करा आणि किमान दहा मिनिटं थांबा.

फ्लास्क ओळीने पांढऱ्या कागदापुढे ठेवले की काम नीट झालंय का ते यंत्राआधी डोळेच सांगतात. ०.२ चा फ्लास्क जेमतेम पिवळसर झाक असलेला, १ चा स्पष्ट नारिंगी, २ चा पाणी घालून वाढवलेल्या संत्र्याच्या सरबतासारखा. ब्लँक रंगहीन दिसायला हवं. त्यातच नारिंगी झाक दिसली तर थांबा. बफर किंवा आम्ल बदलून पुन्हा सुरुवात करा. नुसतं वजा करून पुढे जाण्यात अर्थ नाही.

रीडिंग

स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर ५१० नॅनोमीटर लावा. फिल्टरचा कलरिमीटर असेल तर ५१० च्या सर्वांत जवळचा फिल्टर घ्या. फिल्टरवर आकडे थोडे कमी येतात, पण स्टँडर्डही त्याच फिल्टरवर घेतल्याने काही बिघडत नाही. क्युव्हेट खरबरीत बाजूने धरा, बाहेरून टिश्यूने पुसा, आत बुडबुडा नाही ना ते पाहा आणि दर वेळी एकाच बाजूने यंत्रात ठेवा. शून्य डिस्टिल्ड वॉटरवर लावा, म्हणजे ब्लँक किती आहे हे उघड दिसतं. शून्यच ब्लँकवर लावलं तर बफरचा दोष झाकला जातो. फिक्याकडून गडदकडे जा आणि दर वेळी पुढच्या द्रावणानेच क्युव्हेट विसळून घ्या.

समजा रीडिंग अशी आली: ब्लँक ०.०१२, मग ०.०५२, ०.१११, ०.२११ आणि ०.४०९. प्रत्येकातून ब्लँक वजा केलं की उरतात ०.०४०, ०.०९९, ०.१९९ आणि ०.३९७. आलेख कागदावर मांडा, रेघ सरळ आणि शून्यातून जाणारी येईल. लिटरला १ मिलिग्रॅमला ०.१९९, म्हणजे वर सांगितलेल्या ०.२ च्या जवळ. तुमच्याकडे स्पेक्ट्रोवर ०.१२ येत असेल तर पीएच, फेनचं द्रावण किंवा मोर्स सॉल्ट यांपैकी काहीतरी बिघडलंय.

नमुन्याचं रीडिंग ०.१८७ आलं असेल तर ब्लँक वजा जाता ०.१७५. भागिले ०.१९९, म्हणजे लिटरला ०.८८ मिलिग्रॅम. ५० मिलि घेतलं आणि शेवटी ५० मिलिच केलं, त्यामुळे आणखी गुणाकार-भागाकार नाही.

या ०.८८ चा अर्थ काय लावायचा, हे तुम्ही कुठला तक्ता समोर ठेवता त्यावर आहे. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लोहाची मर्यादा लिटरला ०.३ मिलिग्रॅम होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती १ मिलिग्रॅम झाली. जुन्या तक्त्याने हे पाणी नापास, नव्याने पास. कपड्यांना मात्र दुरुस्ती माहीत नसते: ०.३ च्या वर डाग पडायला लागतात. माझं मत विचाराल तर ०.८८ ला आरोग्यासाठी घाबरायचं कारण नाही, पण टाकीत पाणी पडताना त्याला हवा लागेल आणि गाळ खाली बसेल अशी सोय करून घ्यावी.

रीडिंग सर्वांत वरच्या स्टँडर्डच्या पुढे गेलं तर मूळ नमुना पातळ करून पहिल्यापासून सुरुवात करा. रंग आलेलं द्रावण पातळ करू नका. फेन आधीच कमी पडलं असेल तर तो रंगच खोटा आहे, त्याला पातळ करून खरा होणार नाही.

आकडा खरा कशावरून

सगळ्यांत उपयोगी तपासणी म्हणजे मुद्दाम लोह घालून बघणं. नमुन्याच्या आणखी एका ५० मिलिमध्ये, उकळण्याआधी, कामाच्या स्टँडर्डचं २.५ मिलि घाला. म्हणजे लिटरला ०.५ मिलिग्रॅमची भर. आधीचं ०.८८ धरून १.३८ यायला हवं. १.३६ आलं तर घातलेल्यातलं ९६ टक्के सापडलं, छान. १.१० आलं तर पाण्यातलंच काहीतरी रंग अडवतंय, आणि मग ०.८८ हाही आकडा कमीच असणार.

अडवणारी मंडळी ठरलेली आहेत. जस्त लोहाच्या दहापटीहून जास्त असेल तर ते फेन खाऊन टाकतं. जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपातून आलेल्या पाण्यात हे लक्षात ठेवा. तांबं आणि कोबाल्ट लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर, निकेल २ च्या वर असलं तरी त्रास देतात. साध्या बोअरच्या पाण्यात ती इतकी नसतात, कारखान्याच्या सांडपाण्यात असू शकतात. अशा वेळी फेन जास्त घालून पाहा.

पाणी मुळातच पिवळट असेल, दलदलीचं किंवा पालापाचोळ्याचं, तर एक फ्लास्क फेन न घालता बाकी सगळं करून लावा आणि त्याचं रीडिंग वजा करा.

काम झाल्यावर द्रावणं एका बाटलीत जमा करा, खाण्याचा सोडा थोडा थोडा घालून फेस यायचा थांबला की प्रयोगशाळेच्या नेहमीच्या पद्धतीने निकालात काढा. विहिरीच्या आसपास ओतू नका.

दुसरे धातू

हाच साचा इतर धातूंनाही चालतो, रसायन आणि तरंगलांबी बदलते. सहा-संयुजी क्रोमियमला डायफिनाइलकार्बाझाइड, जांभळा रंग, ५४० नॅनोमीटर. तांब्याला निओक्युप्रोइन, पिवळा, ४५७. शिशाला डिथिझोन, पण त्याला ऑर्गॅनिक द्रावकात ओढून घ्यावं लागतं आणि ते डझनभर इतर धातूंनाही धरतं. नवख्याने त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. लोहच फार कमी असेल तर फेरोझीन वापरा, जांभळा रंग, ५६२ नॅनोमीटर. तेवढ्याच लोहाला फेनच्या अडीचपट ॲबसॉर्बन्स देतं.

घरी करायचं असेल तर

लोहाचं तयार किट आणा. त्यात पुडीत किंवा थेंबाच्या बाटलीत रंग आणणारं रसायन असतं आणि सोबत रंगांचा तक्ता. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासायला दिलेली किटंही याच तत्त्वाची. नळी पांढऱ्या कागदावर उभी धरून वरून खाली बघा, दिवसाच्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली नारिंगी रंग ओळखता येत नाही. किटवर लिहिलेली वेळ पाळा आणि मुदत संपलेली पुडी वापरू नका. पाणी बोअरमधून काढल्याबरोबर तिथेच तपासा, म्हणजे आम्ल घालायची भानगड राहत नाही. मात्र बहुतेक किटमध्ये उकळणं नसतं, त्यामुळे गाळात बसलेलं लोह पूर्ण पकडलं जाईलच असं नाही. किटचा आकडा मर्यादेच्या आसपास घुटमळत असेल तर आम्ल घातलेली बाटली प्रयोगशाळेत द्या, आणि सोबतच्या चिठ्ठीवर तारीख, बोअर किती वेळ चालवली आणि 'एकूण लोह' मोजून हवं आहे, हे लिहायला विसरू नका.